उजव्या हाताची कलमं

रविवारी संध्याकाळी मी आधी सुऱ्या मोजायचे, मग मुलं. सुऱ्या बारा, मुलं चोवीस. मूल कमी भरलं तर अर्ध्या तासात त्याची आई पाणंदीतून हाका मारत यायचीच. सुरी कमी भरली तर ती गवतातून शोधायला मीच.

वेंगुर्ले तालुक्यातलं आमचं गाव. समुद्र दोन किलोमीटरवर, त्यामुळे वारा आमच्याकडे सरळच येतो. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं त्या दिवशी मी परळच्या खोलीत फोन घेऊन बसले होते आणि गावाकडे रेंज नव्हती. दोन दिवसांनी बाबांचा आवाज ऐकू आला. घर ठीक होतं, दोन पत्रे गेले होते. मग थांबून म्हणाले, "कलमा गेली." गडग्याकडची सात हापूस कलमं, माझ्या आजोबांनी लावलेली, मुळासकट आडवी. पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी बँकेतली नोकरी सोडून गावी आले ती आलेच.

मुलांचं कलमं बांधायचं काम सुरू झालं ते मात्र माझ्यामुळे नाही. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुली गावात राहायला येतात, त्यांना आपल्याकडे कृषीकन्या म्हणतात. तशा चार जणी आमच्या वाडीत होत्या. त्यांनी शाळेच्या पडवीत कोय कलमाचं प्रात्यक्षिक दाखवलं. मोठी माणसं खुर्च्यांवर बसून मान डोलवत होती. मुलं मागे उभी. प्रात्यक्षिक संपल्यावर कचऱ्यात टाकलेल्या काड्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन तीन-चार मुलं शाळेमागे बसली आणि ब्लेडने काहीतरी कापू लागली. शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी ओरडायला गेले आणि बघतच राहिले. संध्याकाळी ते आमच्या खळ्यात येऊन म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात ह्या पोरांना घेऊन काहीतरी करू. तू रिकामीच आहेस." रिकामी नव्हते, पण हो म्हणाले.

स्वयंसेवक म्हणून आम्ही सहा जण जमलो. गुरुजी, मी, कृषी पदविका करणारे दोन भाऊ, अंगणवाडीच्या ताई आणि रिक्षावाला दादा, ज्याची रिक्षा आम्हाला शेणखतापासून मुलांपर्यंत सगळ्याला लागली. शिवाय आबा. आबांनी आयुष्यभर कलमं बांधली. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणात आंबा-काजूच्या कलमांना एवढी मागणी सुटली की रोपवाटिकांना बांधणारे हात पुरेनात. त्या दिवसांत आबा एका पावसाळ्यात हजारोंनी बांधायचे, शेकड्यावर मजुरी. त्यांना स्वयंसेवक म्हटलेलं आवडत नसे. "मी कसलो स्वयंसेवक? मी रिकामो म्हणान येतंय."

पालकांची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. संमतीपत्र, धनुर्वाताचं इंजेक्शन, घरी सोडायची वेळ, एवढं ठरवायला दोन तास लागले. त्यातला दीड तास, कलमं विकून आलेले पैसे कोणाचे यावर. शेवटी असं ठरलं की वर्षभराने कलम सत्तर रुपयाला विकायचं. चाळीस रुपये बांधणाऱ्या मुलाचे, तीस रुपये मंडळाचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पिशव्या आणि खताचे. पाचवी ते नववीची चोवीस मुलं आली. वीस-वीस कलमं प्रत्येकी. चारशे ऐंशी. आकडा फळ्यावर लिहिल्यावर आम्हालाच भारी वाटला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. हापूसचा बाठा, म्हणजे कोय, रुजवला तर झाड येतं, पण ते हापूस देईल याची खात्री नाही. म्हणून रायवळ, म्हणजे गावठी आंब्याचा बाठा रुजवायचा आणि त्याच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवायची. खालचं मूळ रायवळाचं, वरचा आंबा हापूसचा. रोपाला अजून बाठा चिकटलेला असतानाच हे करायचं, म्हणून कोय कलम. आमच्या दमट पावसाळ्यात ते साधतं. ज्या हवेत पापड दोन मिनिटांत सादळतो, त्याच हवेत कापलेली काडी सुकायच्या आत जोड धरते.

मे महिन्यात मुलांनी बाठे गोळा केले. रायवळाच्या झाडांखाली, लग्नघरांमागे, आमरस काढणाऱ्या मावश्यांकडून. बाठा ताजा लागतो, महिनाभर पडून राहिला की रुजण्याची शक्ती गमावतो. पिंपात पाणी भरून सगळे टाकले, तरंगले ते बाद. मुलांना हा खेळच वाटला. एक जण स्वतःचे तरंगणारे बाठे हाताने दाबून धरत होता. 11 जूनला पहिला वाफा घातला, 25 ला दुसरा. बाठ्याची फुगीर पाठ वर, पोट खाली, वर गवताचं आच्छादन. त्या वर्षी, म्हणजे 2023 ला, पाऊस कोकणच्या दारात येऊन थबकला होता. बिपरजॉय वादळाने ढगच ओढून नेले असं सगळे म्हणत. पाऊस येईपर्यंत आम्ही विहिरीचं पाणी घातलं. जूनमध्ये झाडांना पाणी घालणारी माणसं बघून रस्त्याने जाणारे हसायचे.

मधल्या एका शनिवारी मुलांना वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नेलं. 1957 पासूनचं केंद्र, आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी त्याचं फाटक फक्त बसमधून पाहिलेलं. तिथल्या सरांनी रत्ना दाखवला, नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये काढलेला. मग 1992 चा सिंधू, रत्ना आणि हापूसचा संकर, ज्यात बाठा इतका पातळ की जवळजवळ नाहीच. सर कौतुकाने सांगत होते. मागून आवाज आला, "सर, बाठोच नाय तर कलम कशावर बांधतलास?" सर हसले आणि त्यांनी व्यवस्थित उत्तर दिलं, की बाठा रायवळाचाच वापरायचा, सिंधूची फक्त काडी. विचारणारा मुलगा सातवीतला. काटकुळा, शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. तो डावखुरा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

काड्यांसाठी एका बागायतदारांकडे गेलो. हापूसची काडी तीन-चार महिन्यांची, शिसपेन्सिलीएवढी, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी हवी. आठवडाभर आधी तिची पानं कापायची आणि देठ तेवढे ठेवायचे. ते देठ बोट लावताच गळायला लागले की काडी तयार. बागायतदारांनी आमच्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. "इतक्यो काड्यो कापल्यात तर जानेवारीत मोहोर तुमी देतलास काय माका?" बरोबर होतं त्यांचं. शेवटी पाच झाडांवर विखरून कापायच्या, आणि झाडावर फक्त त्यांचा गडी चढणार, या अटीवर तयार झाले. ओल्या खोडावर शेवाळ असतं. ती अट आम्हीच घालायला हवी होती.

सुरी धरायचा सराव जास्वंदीच्या काड्यांवर. दोन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास. आबा पाचर दाखवायचे. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी लांब, दोन्ही बाजूंनी एकेका ओढीत. काप एकदाच, घासत बसायचं नाही. कापलेल्या भागावर बोट लावायचं नाही. मुलांना हे शेवटचं जमता जमत नव्हतं. कापलेल्या ओल्या गुळगुळीत लाकडावर बोट फिरवून बघावंसं वाटतंच. मलाही वाटायचं.

9 जुलैला पहिली तुकडी. मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, बाहेर पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. आत गोणपाटं टाकून मुलं दोघांत एक सुरी घेऊन बसलेली. वाफ्यातून रोपं बाठ्यासकट उपटून आणली, मुळं धुतली, बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढली. रोपाची पानं त्या दिवशी अजून तांबूस होती, कोवळ्या विटेसारखी. हाच रंग हवा. पानं हिरवी झाली की खोड निबर झालं, मग कोय कलमाची वेळ गेली. बाठ्याच्या वर चार बोटांवर शेंडा उडवायचा, खोडाच्या मधोमध उभी चीर, चिरेत हापूसची पाचर, आणि एका बाजूला तरी सालीला साल लागली पाहिजे. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. पिशवीत लावायचं आणि वरून पेप्सीची रिकामी नळी टोपीसारखी घालायची. पेप्सी म्हणजे शाळेबाहेर मिळतो तो रंगीत बर्फ. नळ्या मुलांनी उन्हाळाभर चोखून जमवल्या होत्या, दर्जा तपासायचं काम आमच्याकडे नव्हतं.

दुपारपर्यंत मला कळलं की शिकवणं आणि बघत बसणं यांत बघत बसणं कठीण आहे. एका मुलीची चीर वाकडी गेली. "दे इकडे," म्हणत मी सुरी घेतली. दुसऱ्याची पट्टी सैल, पदविकेवाल्या भावाने सोडून पुन्हा बांधली. दिवसभर "दे इकडे, दे इकडे." मुलं निमूटपणे सुरी द्यायची आणि आमच्याकडे बघत बसायची. आबा त्या दिवशी नव्हते, लेकीकडे सावंतवाडीला गेले होते.

संध्याकाळी मुलं गेल्यावर आम्ही दोनशे चाळीस पिशव्यांवरून नजर टाकली. भयंकर दिसत होतं. कुठे पाचर चिरेच्या बाहेर बोटभर उघडी, कुठे पट्टी इतकी सैल की काडी डुलतेय. त्यातून मुंबईतले एक देणगीदार, ज्यांच्या पैशांतून सुऱ्या आणि पिशव्या आल्या होत्या, ऑगस्टमध्ये येणार होते. कोणी ठरवून सुचवलं असं नाही. मी एक उचललं. मग गुरुजींनी एक. बॅटरीच्या उजेडात रात्री साडेदहापर्यंत बसून आम्ही साठ कलमं सोडली, नव्याने पाचर कापली आणि पुन्हा बांधली. ज्याची पिशवी त्याच्या रांगेत परत ठेवली. पिशवीवर मुलांची नावं लावलेली होती, ती तशीच राहिली. आम्हाला वाईट काही केल्यासारखं वाटलं नाही. उलट अंगणवाडीच्या ताईंनी चहा केला, आणि छान झालं म्हणत आम्ही घरी गेलो.

मधल्या आठवड्यात लावणी सुरू झाली. पाऊस उशिरा आल्याने सगळ्यांची एकदमच. मुलं शेतात, चिखलात. शनिवारी दुपारी तो सातवीतला मुलगा एकटाच मांगरात आला. पोटऱ्यांना चिखल वाळलेला. आपल्या रांगेसमोर उकिडवा बसला. मी शेणखत चाळत होते. बराच वेळ तो काही बोलला नाही.

"ताई, ह्या माझा नाय."

"कुठलं?"

त्याने एक पिशवी पुढे केली. "ह्या. आणि ह्या. आणि ह्या." पाच पिशव्या बाजूला काढल्या.

"कशावरून रे? नाव तुझंच आहे की."

"पट्टी बघा." त्याने स्वतःचं एक कलम शेजारी धरलं. त्याच्या कलमावर पट्टी डावीकडून वर चढत गेलेली, स्क्रूचे आटे उलटे असावेत तशी. बाजूला काढलेल्या पाचांवर उजवीकडून. "मी डावरो. माझी अशी जाता. ही कोणी बांधली?"

खोटं बोलायला मला वेळ होता. चाळणी हातात होती, खत चाळत राहता आलं असतं. पण तो ज्या नजरेने पट्टीचे वेढे बघत होता त्यापुढे काही सुचेना. मी म्हटलं, आम्ही बांधली.

"कित्याक?"

सैल होती म्हणून, असं सांगितलं. त्याने मान हलवली. रागावला नाही, रडला नाही. "मगे माझी पंधरा रवली," म्हणाला. वीस वजा पाच. दुसऱ्या तुकडीची दहा अजून बांधायची होती तीही त्याने हिशेबात धरली होती. पाच पिशव्या रांगेतून काढून त्याने भिंतीकडे वेगळ्या ठेवल्या आणि लावणीला परत गेला.

त्या रात्री आमची बैठक बसली. बैठक कसली, भांडणच. गुरुजींचं म्हणणं, मुलांना आत्मविश्वास यायला आधी यश दिसायला हवं. सगळी मेली तर पुढच्या वर्षी कोण येईल? रिक्षावाला दादा म्हणाला, बाकी तेवीस जणांना कळलेलं नाही तर आता कशाला उकरायचं. मला दोघांचंही पटत होतं आणि झोपही येत नव्हती. आबा सावंतवाडीहून आलेले, कोपऱ्यात पान लावत बसले होते. शेवटी म्हणाले, "तुमका कलमा व्हयी काय कलमा बांधणारी पोरा व्हयी, ता एकदा ठरवा. कलमा व्हयी आसती तर माका सांगा. दोन दिवसांत बांधून देतंय."

पुढच्या रविवारी लावणीमुळे निम्मीच मुलं होती, पण सांगून टाकलं. साठ कलमं आम्ही परत बांधली, असं. प्रतिक्रिया अपेक्षेपेक्षा वेगळी आली. बऱ्याच जणांना फरक पडला नाही. दोघी तर खूश झाल्या, त्यांची चांगली बांधून झाली म्हणून. आठवीतली एक मुलगी मात्र म्हणाली, "म्हणजे मी पास झाले की तुम्ही?" तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. वहीत एक रकाना वाढवला, 'कोणी बांधलं'. साठ कलमांपुढे आमच्या सह्या केल्या.

23 जुलैची दुसरी तुकडी. नियम एकच, मोठ्यांनी सुरीला हात लावायचा नाही, मागितली तरी. मी हात पाठीमागे बांधून फिरत होते, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी. अकराच्या सुमारास सहावीतल्या एकाने अंगठा कापून घेतला. खोल नव्हतं, पण अंगठ्याचं रक्त फार वाहतं. गोणपाट लाल झालं. दाबून धरलं, पट्टी केली, रिक्षातून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, दोन टाके. परत येईपर्यंत त्याची आई मांगरात उभी होती, इरलंसुद्धा न उतरवता. "सुरी कोणी दिली तेच्या हातात? पोरांचो जीव स्वस्त झालो काय तुमका?" मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. संमतीपत्रावर तिची सही होती हे माझ्या डोक्यात आलं आणि ते डोक्यात आल्याचीच लाज वाटली. तिचा मुलगा दुसऱ्या हाताने टोपल्यातली काडी चाचपत म्हणाला, "आये, माझी तीन रवलीत अजून." ती त्याला ओढत घेऊन गेली. ती तीन त्याने बुधवारी येऊन बांधली. आई समोर बसून होती, त्याच्या हातावरची नजर न हलवता. पुढचे दोन महिने ती दर रविवारी आली. आता स्वयंसेवक आम्ही सात आहोत.

दोन-तीन आठवड्यांनी फुटवे यायला लागले. पेप्सीच्या टोपीत तांबडं टोक दिसलं की आरडाओरडा. दोन वेण्यांच्या एका मुलीने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. तिच्या नऊ कलमांना पालवी. आबांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यातली पाच काळी पडून लोंबली. काडीत स्वतःचा थोडा साठा असतो, त्यावर ती एकदा फुटते. जोड लागलेला नसला तर साठा संपल्यावर मान टाकते. फसवा फुटवा. मला हे पुस्तकातून माहीत होतं, मुलीला सांगायचं राहून गेलं होतं. ती त्या पाचांवर टोप्या परत घालून ठेवायची, कदाचित येतील म्हणून.

दुसरीकडे पाचवीतल्या एकीची उलटी तऱ्हा. तिचं एक कलम नुसतं तरारलेलं, सगळ्यांत हिरवं. जवळ जाऊन पाहिलं तर हापूसची काडी वाळून कडक झालेली आणि फुटवा जोडाच्या खालून, बाठ्यापासचा. म्हणजे रायवळ. असा फुटवा आला की खुडायचा असतो, तो वरच्या काडीचं पोषण खातो. पण इथे वर काडीच उरली नव्हती. ती खुडू देईना. "वाढताहा ना? मगे रवांदे." ठेवलं. शाळेच्या विहिरीजवळ तिने ते लावलंय. आता तिच्या कमरेएवढं आहे.

ऑगस्टने घाम काढला. तेव्हा देशभरच पाऊस रुसला होता, 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून पुढे पेपरात आलं. मांगराभोवती ऊन, पिशव्या सुकतायत, आणि पावसाळा म्हणून कोणी झारी तयार ठेवलेली नाही. देणगीदार आले ते नेमके तेव्हाच. त्यांनी वही चाळली. 'कोणी बांधलं' रकान्याशी थांबून विचारलं, हे काय? गुरुजींनी सांगितलं. ते काही न बोलता पुढची पानं उलटत राहिले. जाताना म्हणाले, टक्केवारी सुधारायला हवी. बरोबरच होतं.

अधिक श्रावणामुळे गणपती उशिरा, 19 सप्टेंबरला बसले. चाकरमानी आले. त्या बारा-पंधरा दिवसांत मांगराकडे कोणी फिरकलं नाही, तो डावखुरा सोडून. दिवाळीच्या सुट्टीत शेवटची मोजणी केली. चारशे ऐंशीपैकी जगलेली एकशे एक्कावन्न. आम्ही रात्री बांधलेल्या साठांतली एकतीस. मुलांची पहिल्या तुकडीतली एकशे ऐंशीपैकी एक्केचाळीस, दुसऱ्या तुकडीतली दोनशे चाळीसपैकी एकोणऐंशी. म्हणजे आमचा हात मुलांपेक्षा खूपच बरा. हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा गुरुजी माझ्याकडे सूचक बघत होते. दुसऱ्या तुकडीत मुलं सुधारली असं मला म्हणायचं होतं, पण दुसऱ्या तुकडीच्या काड्याही जास्त चांगल्या होत्या, त्यामुळे म्हटलं नाही.

पट्ट्या सोडायचं काम मुलांना मनापासून आवडलं. वेळेत सोडली नाही तर वाढणाऱ्या खोडात प्लॅस्टिक रुततं. डावखुऱ्याने एकेक पट्टी आपल्या उलट्या दिशेने उलगडली. खाली जोडावर गाठ आलेली, थोडी जाड, पट्टीच्या वेढ्यांचे वळ उमटलेले. तो त्यावर बोट फिरवत राहिला. आता फिरवलं तरी चालत होतं.

जून 2024 मध्ये विक्री. लोक येत होते, खोड दाबून बघत होते, बाबा खळ्यात खुर्चीवर बसून सगळ्यांना न विचारता सल्ला देत होते. दोन झाडांत दहा मीटर अंतर, मीटरभर खड्डा, जोड जमिनीच्या वर ठेवा, उन्हाळ्यात सावली करा. त्यांच्या आडव्या झालेल्या सात कलमांच्या जागा अजून रिकाम्या होत्या. मी ठरवलं होतं, निदान चार भरायच्या.

डावखुऱ्याकडे गेले. त्याच्या नावावर आठ जगली होती. भिंतीकडे वेगळी ठेवलेल्या पाचांतली तीन, आणि त्याची स्वतःची पाच. मला चार हवीत म्हटल्यावर त्याने निवडून चार आणली, रांगेत मांडली.

"ही तीन माझी," तो म्हणाला. "ह्या तुमचा."

"हो. किती द्यायचे? दोनशे ऐंशी ना?"

त्याने बोटांवर हिशेब केला. "तीनाचे दोनशे दहा. तुमच्याचे चाळीस मी कशे घेव? मंडळाचे तीस तेवढे द्या." पुन्हा एकदा मोजलं. "दोनशे चाळीस."

मी अडीचशे दिले. त्याने खिसे चाचपले, मग दप्तराच्या पुढच्या कप्प्यात हात घालून दहाचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.